शेवटची शिवण

फुटबॉल गोल असतो, यावर कोल्हापुरात एकमत आहे. बाकी कशावरही नाही. कुठल्या तालमीचा गोलकीपर भारी, कुठल्या फायनलला पंचाला दिसत नव्हतं, कोण ऑफसाइड होतं आणि कोण नव्हतं, हे वाद आमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीसारखे पुढच्या पिढीच्या नावावर चढतात. आणि खरं सांगायचं तर फुटबॉल गोलही नसतो. मी पोटापाण्यासाठी हीच विद्या शिकले, त्यामुळे हे बोलून दाखवल्याबद्दल मला आतापर्यंत तीन काकांनी वेड्यात काढलं आहे.

आमच्या घराच्या वाट्याला आलेला वाद म्हणजे आण्णांचा गोल. आण्णा म्हणजे माझे वडील, बजरंग इंगवले, गजेंद्र तालमीचे. मोबाईलला नुकते कॅमेरे आलेले त्या काळातली ती फायनल. समोर भैरीदेव मंडळ, बरोबरी, खेळ संपत आलेला, आणि लांबून फ्री किक. आण्णांनी मारलेला चेंडू निम्म्या वाटेपर्यंत सरळ गोलकीपरच्या छातीकडे गेला. गोलकीपरनं झेलायला हात पुढे केले. आणि मग चेंडूनं काय मनात आणलं कोण जाणे, तो एकदम उजवीकडे वळला आणि वरच्या कोपऱ्यातून जाळीत शिरला. गोलकीपर हात पसरून उभाच. तालमीत त्या क्षणाचा फोटो आहे, दर दसऱ्याला त्याला हार पडतो. सारं गाव त्या गोलाला ‘बजाचं वळण’ म्हणतं.

तो हात पसरून उभा राहिलेला गोलकीपर म्हणजे रंगाकाका, रंगराव सरनाईक. तेव्हापासून आजपर्यंत ते आणि आण्णा तालमीसमोरच्या गाड्यावर रोज सकाळी एकत्र चहा पितात, आणि रोज चहा संपता संपता रंगाकाका एकच वाक्य बोलतात, “पन बजा, वारा हुता रं त्या दिवशी.” आण्णा हसतात. दोघं घरी जातात. माझ्या जन्माआधीपासून हे चालू आहे, आणि कधी खंड पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो खंड मी पाडला.

शिरोलीच्या पुढे एका बंद पडलेल्या फाउंड्रीच्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा आहे. मी आणि रेहाना मुजावर मिळून ती चालवतो. मी चेंडूचा आकार बघते, रेहाना त्याची कातडी. तिथं आम्ही ‘बहुरूपी’ बनवला.

जुना फुटबॉल म्हणजे वीस षटकोन आणि बारा पंचकोन. नुसते षटकोन एकमेकांना जोडत गेलात तर फरशी होते, सपाट, कितीही लांब न्या. मध्ये एक पंचकोन घातला की ती फरशी वाकायला लागते. बारा पंचकोन झाले की ती सगळीकडून वाकून स्वतःलाच येऊन मिळते. म्हणजे गोलाई पंचकोनांची आणि मेहनत षटकोनांची. पुढे कंपन्यांनी चौदा तुकड्यांचे चेंडू काढले, मग आठ, सहा, चार. तुकडे कमी झाले तशा शिवणी कमी झाल्या, आणि सगळ्यांना वाटलं चेंडू आता शहाणा झाला. तो उलट बिथरला. कारण हवेला शिवण लागते. उडत्या चेंडूला हवा काही अंतर चिकटून जाते आणि मग सुटते. शिवणीचा खडबडीतपणा असला की ती जास्त वेळ चिकटते. एका बाजूला जास्त चिकटली आणि दुसऱ्या बाजूला लवकर सुटली, तर जिथं चिकटली तिकडे चेंडू ओढला जातो. एवढंच ते शास्त्र आहे, बाकी सगळी गणितं ह्याच वाक्याची लेकरं.

बहुरूपीच्या कातडीखाली रेहानानं अशा धाग्यांचं जाळं बसवलं की वीज दिली की ते केसभर फुगतात आणि काढली की बसतात. त्यामुळे तो सकाळी बत्तीस तुकड्यांचा, दुपारी आठ तुकड्यांचा आणि संध्याकाळी साफ गुळगुळीत होऊ शकतो. जोडीला एक यांत्रिक पाय. त्याला आम्ही ‘पैलवान’ म्हणतो. जुना व्हिडिओ दिला की संगणक धावेचा वेग, पायाचा कोन आणि ताकद काढतो, बहुरूपी त्या काळचा चेंडू होतो, पैलवान लाथ मारतो, आणि पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा गोल डोळ्यांसमोर पुन्हा होतो.

आम्हाला वाटलं होतं, पोरांना शिकायला उपयोग होईल. लोकांनी त्याचं न्यायालय केलं. गावोगावच्या जत्रांतून बोलावणी यायला लागली. जुने गोल खरे होते की नशिबाचे, ते बहुरूपी सांगणार. मिरजेच्या एका गृहस्थांचा गोल खरा ठरला तर त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. इचलकरंजीच्या एकांचा फुसका ठरला, ते महिनाभर लेकीकडे पुण्याला जाऊन राहिले. आम्ही हसलो होतो त्यावर. हसू नये माणसानं.

गेल्या वर्षी गजेंद्र तालमीला शंभर वर्षं झाली. सोहळ्यात पहिला मान बजाच्या वळणाचा, हे ओघानंच आलं. मी घरी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी आण्णा शिंप्याकडे जाऊन आले.

स्टेडियम गच्च भरलं होतं. आण्णा नव्या पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत, शेजारी रंगाकाका. मैदानात पैलवान उभा, समोर बहुरूपी, बत्तीस तुकड्यांच्या रूपात. मी बटण दाबलं. चेंडू सुटला, सरळ गेला, सरळच गेला, आणि गोलमध्ये उभ्या केलेल्या पुतळ्याच्या छातीवर आदळून खाली पडला.

पुन्हा मारला. पुन्हा छातीवर. चेंडू फिरवून ठेवला, पट्टीनं मोजून ठेवला. थोडा डुगडुगला, पण वळला नाही. आणि आमच्याच संगणकानं, आम्हीच शिकवलेल्या नम्र भाषेत, मोठ्या पडद्यावर लिहिलं: ‘दिलेल्या माहितीनुसार या किकमधून असे वळण संभवत नाही. बाह्य कारण असावे.’

मग भैरीदेवच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “वारा!” आणि आख्खं स्टेडियम हसलं. वाईट मनानं नाही, आमच्याकडे असंच हसतात. मी आण्णांकडे बघितलं. तेही हसत होते. हसत हसतच उठले, शर्ट खाली ओढला आणि बाहेर पडले. हसले नाहीत ते फक्त रंगाकाका.

दुसऱ्या दिवशी आण्णा चहाला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी संध्याकाळी डबा घेऊन गेले, तर सकाळचाच डबा अर्धा भरलेला.

“जेवला न्हाईसा?”

“भूक न्हाई गं.” त्यांनी डबा बाजूला सारला. “ऋतू, एक विचारू? तुझं मशीन खोटं बोलत न्हाई न्हवं?”

“न्हाई आण्णा. दिलेल्या माहितीवर बोलतंय.”

“मग झालं,” ते म्हणाले. “इतकी वर्सं लोकांनी हार घातलं. मी घालून घेतलं. मला वाटायचं मीच वळवला. तसा मी काय मोठा खेळाडू न्हवतो. त्यो एकच गोल हुता.”

एकदाही ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यानंतर आण्णांकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. रोजचा चहा आणि तो गोल. माझ्या यंत्रानं एका दुपारी दोन्ही नेलं.

रविवारी रंगाकाका माझ्याकडे शेडमध्ये आले. येताना रिक्षावाल्याशी भांडून आले होते, त्यामुळे आवाज तापलेलाच होता.

“काय केलंस पोरी हे?”

“काका, तुम्हीच तर म्हणायचासा वारा हुता म्हणून.”

“ते म्हणायचं असतंय!” ते कडाडले. “मी म्हणायचं, त्यानं हसायचं. वारा असता तर मला कळला नसता व्हय? मी गोलात उभा हुतो. झेंड्याची दोरीसुदिक हलत न्हवती.” मग एकदम खुर्चीत बसले. “आनि बजानं न्हाई वळवला तर मग मी हरलो कुणाकडनं? सांग की. मला कुणी गोल मारला?”

पाणी प्यायल्यावर ते जरा निवले. रेहानानं तो जुना व्हिडिओ मोठा करून लावला. धुरकट चित्र, पुढे कुणाचं तरी डोकं, मागं हलगीचा आवाज. आण्णा चेंडू ठेवतात, मागे येतात, मारतात. आम्ही हा शंभरदा बघितला होता, पण नेहमी धावेपासून. गणित धावेपासून सुरू होतं.

“त्याच्या आधीचं दावा,” काका म्हणाले. “ह्यो लेकाचा चेंडू ठेवायच्या आधी लई गोंजारायचा. आमी चिडवायचो, बारसं करतोय म्हणून.”

रेहानानं मागं नेलं. धुरकट चित्रातले आण्णा वाकलेले, चेंडू दोन्ही हातांत. अंगठा फिरतोय. चेंडू एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, काहीतरी सापडल्यासारखे थांबले आणि मगच खाली ठेवला.

मी गाडी काढली. “मी जातो आण्णांकडं,” म्हटलं. आमच्याकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात, पुण्याच्या लोकांना त्याची गंमत वाटते.

आण्णा सांगायला तयार होईनात. “तसंच काहीतरी, सवय,” म्हणाले. मी पिच्छा सोडला नाही. शेवटी ते उठले, दार लोटून घेतलं, आणि एवढ्या हळू बोलले की मला जवळ सरकावं लागलं.

“तुझी आई शिवायची न्हवं चेंडू.”

ते मला माहीत होतं. माझी आई, शालन, लग्नानंतर एका दुकानासाठी घरी चेंडू शिवायची. जालंधरहून कापलेले तुकडे यायचे, बायका घरोघरी शिवायच्या, तालमींच्या सामन्यांना तेच चेंडू जायचे. पुढे मशीननं जोडलेले चेंडू आले आणि ते काम गेलं. मला ती फक्त मेणाच्या वासासकट आठवते.

“चेंडू उलटा शिवत्यात,” आण्णा म्हणाले. “आतली बाजू भाईर. समदा शिवून झाला की एक फट ठेवायची, त्या फटीतनं आख्खा उलटायचा, म्हंजी टाके आत जात्यात. पर ती फट मागनं भाईरनंच शिवावी लागती. ती शेवटची शिवण. ती जरा उठूनच ऱ्हाती. बाकी चेंडूवर कुणाचा हात हाय ते कळत न्हाई, पर त्या एका शिवणीवर कळतंय. तिची शिवण माझ्या अंगठ्याला बराबर लागायची.”

“मग?”

“मग काय. फ्री किक असली की शोधायचो. तिची असली तर ती शिवण माझ्याकडं तोंड करून ठेवायचो.” त्यांचे कान लाल झाले होते. “समोर असली म्हंजी बरं वाटायचं. आता हे पोरांफुडं सांगितलं असतं तर त्यांनी उभा जाळला असता मला. आनि फायनलचा चेंडू तिनंच बंद केल्याला, सकाळी सांगितलंतं मला.”

माझ्या डोक्यात हवा फिरायला लागली होती.

“आनि आण्णा, लाथ कुठं मारायचासा? त्या शिवणीवरच?”

“शिवणीवर कसा मारीन?” ते दुखावल्यासारखे म्हणाले. “तिच्या हातची हाय ती. जरा खाली मारायचो, पाय लागू ने म्हणून.”

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले. इंजिनिअर बाईनं असं रडू नये, पण रडले. कारण आमच्या संगणकानं लाथ बरोबर मध्यावर धरली होती, आणि चेंडू कसाही ठेवला तरी चालेल असं आम्ही धरलं होतं. धुरकट व्हिडिओत याहून जास्त दिसत नव्हतं. मध्याच्या जरा खाली बसलेली लाथ चेंडूला अगदी संथ उलटी फिरकी देते. एवढी संथ की गोलपर्यंत पोचेस्तोवर चेंडू जेमतेम अर्धा फिरतो. म्हणजे निघताना मागे असलेली शिवण खालून फिरत फिरत निम्म्या वाटेनंतर पुढे येते, हवेच्या तोंडावर. तोवर चेंडू सरळ जाणार. आणि मग वळणार.

दुसऱ्या दिवशी बहुरूपीवर एक शिवण केसभर उठवली, ती मागच्या बाजूला ठेवली, पैलवानाचा पाय दोन बोटं खाली घेतला. आण्णा आणि रंगाकाका दोघंही शेडमध्ये आले होते, एकमेकांशी न बोलता. मी बटण दाबलं. चेंडू सरळ निघाला, निम्म्या वाटेत आला, आणि वळला. झकास वळला. पण डावीकडे.

रंगाकाकांनी तोंड वाकडं केलं. “ह्यो गोल मी धरला असता.”

पुन्हा मारला. डावीकडे. दहा वेळा मारला असता तरी डावीकडेच गेला असता, कारण शास्त्र हट्टी असतं. रेहाना म्हणाली, निदान वळतो हे तरी सिद्ध झालं, तेवढं जाहीर करू. आण्णांनी मान हलवली. “न्हाई. माझा उजवीकडं गेल्ता. उगं माझं मन राखू नका.” आणि ते उठायला लागले. मला ते दारापर्यंत गेलेले दिसत होते, आणि ह्या वेळी गेले तर पुन्हा शेडमध्ये येणार नाहीत हेही कळत होतं.

“थांबा,” रेहाना म्हणाली. ती शिवणीच्या चित्राकडे बघत होती. बाहेरून शिवताना प्रत्येक टाका ओढला की ज्या बाजूला ओढ बसते तिकडची कड दुसऱ्या कडेवर चढते. तिथं एक बारीक पायरी तयार होते. पायरी कुठल्या बाजूला, त्यावर हवा कुठं जास्त चिकटणार आणि चेंडू कुठं जाणार. “आपण पायरी कुठल्या बाजूला धरलीय?”

“सगळे धरतात ती,” मी म्हटलं. “उजव्या हातानं शिवणाऱ्याची.”

“काकी उजव्या होत्या?”

“व्हय की,” मी म्हटलं. आमच्या घरात डावं कुणी नव्हतंच. आजीचा तसा दंडकच होता. डाव्या हातानं वाढायचं नाही, घ्यायचं नाही, ज्या कामाचं अन्न खायचं ते काम तर मुळीच नाही. मी लहानपणी चमचा डाव्या हातात धरला की आई काही न बोलता तो उजव्या हातात देई. दर वेळी. कधी रागावली नाही, आणि कधी विसरलीही नाही. आणि आता पहिल्यांदाच मनात आलं. तिनं ते इतकं हळुवार का केलं असेल?

मी आण्णांकडे बघितलं. ते दारात थांबले होते.

“डावरी हुती ती,” आण्णा म्हणाले. “तुझ्यागत. माहेरी समदं डाव्यानंच. हितं आल्यावर माझ्या आईच्या धाकानं उजव्यानं करायला शिकली. शिवायची पन उजव्यानं, भाईरच्या सोप्यात, समद्यांच्या म्होरं. पर शेवटची शिवण ताकदीची. उजव्यानं ओढ बसायची न्हाई तिला. मग ती चेंडू घिऊन आत जायची, दार लोटायची, आनि डाव्यानं बंद करायची. मी दाराशी उभा ऱ्हायचो, आई आली तर खाकरायला.” त्यांनी अंगठा बोटावर फिरवला. “म्हणून तर तिची शिवण अंगठ्याला उलटी लागायची.”

मी संगणकापाशी गेले आणि एक चिन्ह बदललं. अधिकाचं उणे. बटण दाबलं.

चेंडू सरळ निघाला. निम्म्या वाटेपर्यंत सरळ पुतळ्याच्या छातीकडे. आणि मग उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात.

रंगाकाकांचे हात आपोआप पसरले होते, फोटोतल्यासारखे. “ह्योच,” ते म्हणाले. “ह्योच त्यो.” आणि जाऊन आण्णांच्या पाठीत एक गुद्दा घातला.

मला मात्र भीती वाटत होती. आण्णांचा गोल खरा ठरला होता, पण तो एकट्या आण्णांचा राहिला नव्हता. त्यांच्या पायात जादू नव्हती, शिवणीत होती. इतक्या वर्षांचे हार निम्मे काढून घेतल्यासारखंच झालं होतं ते. मी बोलायला तोंड उघडलं, तर आण्णाच म्हणाले, “म्हंजी वळवला तो तिनं?”

“दोघांनी आण्णा. तुम्ही शिवण तशी ठेवली नसतासा, पाय चुकवला नसतासा, तर…”

“तिनं वळवला,” त्यांनी मला ऐकूच घेतलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा आई गेल्यापासून बघितला नव्हता. “बघ की रंगा! फायनलला मैदानात सुदिक आली न्हवती ती. आई सोडायची न्हाई. घरात भाकऱ्या करत बसल्याली आनि हितं हिनं गोल मारला तुला!” मग तोच चेहरा बारीक झाला. “आनि मी एकट्यानंच हार घालून घेतला की गं. तिला ठावंच न्हाई.”

तालमीचे अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी आले. पुन्हा सोहळा करू, बजरंगरावांचा मान परत देऊ, बहुरूपीवर सगळ्या गावाला दाखवू. आण्णांनी दोन अटी घातल्या. एक, तो सोंग घेणारा चेंडू नको, खरा शिवलेला पाहिजे. दुसरी अट त्यांनी अध्यक्षांच्या कानात सांगितली.

रेहानानं एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून हाती शिवलेला चेंडू शोधून आणला. मी त्याची शेवटची शिवण उसवली. मग मेणाचा दोरा ओवला, दोन सुया घेतल्या आणि आमच्या सोप्यात, दार सताड उघडं ठेवून बसले. माझ्या डाव्या हातानं आयुष्यात काही केलं नव्हतं. दोन बोटं फोडून घेतली. पण शेवटचा टाका ओढला तेव्हा ती ओढ डाव्या खांद्यापासून आली, आणि हे त्या हाताला आधीच येत होतं असं मला वाटलं. शास्त्रात याला आधार नाही. आण्णांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. मुद्दाम परीक्षकासारखा वेळ घेतला. “जरा ढिली हाय,” म्हणाले. “पर उलटी हाय.”

स्टेडियम पहिल्यापेक्षा जास्त भरलं होतं, कारण पडलेल्या माणसाचं पुढं काय होतं हे बघायला आमचं गाव लांबून येतं. पैलवान तयार उभा होता. गोलमध्ये पुतळा नव्हता. रंगाकाकांनी तो हाकलून दिला होता आणि गुडघ्याला पट्टे बांधून स्वतः उभे राहिले होते.

चेंडू ठेवायला आण्णा गेले. जुन्याच शर्टात. ते वाकले, चेंडू दोन्ही हातांत घेतला, अंगठा फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. शिवणीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, त्यामुळे स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं ते काय शोधताहेत, आणि तरी ते लाजले नाहीत. सापडल्यावर चेंडू खाली ठेवला, शिवण स्वतःकडे तोंड करून, आणि जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकूनच राहिले.

मी बटण दाबलं. सरळ, सरळ, आणि मग उजवीकडे. रंगाकाकांनी या वेळी खरोखर सूर मारला, या वयात, आणि तरी चेंडू त्यांच्या बोटांच्या वरून जाळीत गेला.

स्टेडियम उठलं. त्या गोंगाटातच भोंग्यावरून निवेदकाचा आवाज आला, आण्णांच्या दुसऱ्या अटीप्रमाणे, त्या फायनलच्या निकालाची दुरुस्ती वाचणारा: “गजेंद्र तालीम एक, भैरीदेव मंडळ शून्य. गोल, शालन बजरंग इंगवले!”

गोंगाट एकदम थांबला. बायकांच्या बाजूला कुणीतरी एकटीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. भैरीदेवच्या बाजूनंही.

आण्णा मैदान ओलांडून गोलपाशी गेले. रंगाकाका अजून खालीच बसलेले, कपाळाला माती. मी धावत पोचले तेव्हा आण्णा त्यांना हात देऊन उठवत होते. काकांनी कपडे झटकले, वर झेंड्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आण्णांच्या तोंडावर कबूल केलं.

“बजा, वारा न्हवता रं त्या दिवशी.”

“न्हवताच,” आण्णा म्हणाले. “शालन हुती.”

मग दोघं चहाला गेले.